एकदा बसवा, विसरून जा

शेळ्यांच्या टॉनिकची बाटली आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गिरणीतल्या फळीवर, ग्रीसच्या डब्याशेजारी ठेवली, तेव्हा आमच्याकडे एकही शेळी नव्हती. शेजारीपाजारीही नव्हती. सगळ्यात जवळची शेळी माझ्या माहितीप्रमाणे मार्केट यार्डाच्या मागे होती आणि तिची तब्येत उत्तम होती.

"आण्णा, हे कुणाला पाजायचं?"

"पाजायचं कुणी म्हणलंय?" आण्णांनी हातावरचं पीठ झटकलं. "जाहिरात ऐकली, माल घेतला. इषय संपला."

फळीवर त्या बाटलीच्या आधी आलेली मंडळी रांगेनं बसली होती. केसगळतीवरचं तेल होतं. आण्णांना गळायला केस उरले नव्हते. गुडघ्यांचा मलम होता. गुडघे ठणठणीत होते. सात दिवसांत गोरं करणारी क्रीम होती. आण्णा सकाळपासून पिठात असायचे, दहा वाजेपर्यंत ते गावातले सगळ्यात गोरे गृहस्थ असत. फाडफाड इंग्रजी शिकवणारी एक कॅसेटही होती, आणि ती लावायला टेप नव्हता.

हे सगळं माझ्या नोकरीमुळे झालं होतं, त्यामुळे मी फार बोललो नाही.

मी तेव्हा नुकताच बी.कॉम. झालो होतो. आमच्या विट्यात मुलगा मोठा झाला की दोनच प्रकार होतात. एकतर तो गलाईला जातो, नाहीतर 'का गेला नाही' याचं उत्तर देत गावात राहतो. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. आमच्याकडची माणसं त्यासाठी पार पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत पसरलेली आहेत. मी दुसऱ्या प्रकारात मोडत होतो. मग 'बोलकी' नावाच्या मोबाइल कंपनीनं मला विट्याचा प्रतिनिधी नेमलं आणि मी एक पिवळा टी-शर्ट घालून फुकट सिमकार्डं वाटायला लागलो.

बोलकीवर बोलणं फुकट होतं. खर्च जाहिरातवाले करायचे. तुम्ही नंबर लावायचा, एक रिंग द्यायची आणि कापायचं. मग कंपनीचा कॉम्प्युटर तुम्हालाही फोन करायचा आणि समोरच्यालाही. दोघांनी कानाला लावला की आधी एक जाहिरात, मग बोलणं. दर दोन मिनिटांनी बोलणं मध्येच तोडून पुन्हा जाहिरात, दोघांनाही एकच. वस्तू हवी असेल तर एक दाबा, नको असेल तर दोन दाबा. दहा मिनिटं झाली की एक बाई मधाळ आवाजात म्हणायची, "बोलकीवर बोलल्याबद्दल धन्यवाद. आपला आवाज आमच्यासाठी मोलाचा आहे." आणि फोन बंद. त्या नंबराला मग दुसऱ्या दिवशीपर्यंत फोन लागायचा नाही.

लोकांना वाटतं, फुकट वस्तू खपवायला काय लागतं. विट्यात येऊन खपवून बघा. एका दुकानदारानं मला तीनदा विचारलं, फुकट म्हणजे नक्की केवढ्याला. एक म्हातारबा म्हणाले, "थोडं तरी पैसं घे बाबा, म्हंजी फसवणूक केवढ्याची हाय ते तरी कळंल." महिनाभरात मी जी सिमं खपवली, त्यातली निम्मी माझ्या मावश्यांकडे होती.

आण्णांनी तर हातही लावला नव्हता. आण्णांच्या लेखी जगातली सगळ्यात घाण शिवी म्हणजे 'मिंधा'. माणूस चोर असला तरी चालेल, मिंधा नको. कुणाकडे अर्धा कप चहा प्यायले तर संध्याकाळच्या आत त्याला पूर्ण कप पाजून यायचे. लग्नाला गेले की आधी आहेर, मग अक्षता, मग जेवण. आहेर देणाऱ्यांची रांग मोठी असली तर उपाशी परत. गिरणीच्या दगडाला चिकटून राहिलेलं पीठसुद्धा कुंच्यानं झाडून गिऱ्हाइकाच्या डब्यात टाकायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या की आण्णा. आण्णा म्हणायचे, तुझ्या पिठाचा मी का मिंधा होऊ?

याच शब्दापायी ते आणि तात्या बोलत नव्हते.

तात्या म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ. मच्छिंद्र आणि जालिंदर, अशी ती जोडी. तात्या तरुणपणीच गलाईला सेलमला गेले, तिकडेच दुकान, घर, सगळं झालं. आण्णा गावात राहून गिरणी चालवायचे, डिझेलच्या इंजिनावर. ते इंजिन पुक-पुक करत गल्लीभर धूर सोडायचं. मी शाळेत होतो तेव्हा तात्यांनी सेलमहून विजेवरची एक मोटार पाठवली. हिरवी, भक्कम, दोन माणसांना न उचलणारी. इंजिन कोपऱ्यात गेलं, गल्ली श्वास घ्यायला लागली.

मग जत्रेच्या जेवणाला तात्या आले. पंगत बसली होती. कुणीतरी आण्णांच्या गिरणीची स्तुती केली. तात्या हातात मटणाची नळी धरून सहज म्हणाले, "माझी मोटार हाय म्हणून फिरतीया. न्हायतर हा बसला असता जात्यावर, ओव्या म्हणत."

पंगत हसली. मटण चांगलं झालं होतं, लोक कशालाही हसले असते. आण्णा मात्र ताटावरून उठले, हात धुतला आणि गिरणीत गेले. पान्याचा आवाज आम्हाला मांडवापर्यंत ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी तात्या सेलमला पोचायच्या आधी मोटार ट्रान्सपोर्टच्या ट्रकमध्ये चढली होती. ती त्यांच्या मागोमाग गेली. गिरणीला पुन्हा इंजिन जोडलं आणि गल्ली पुन्हा खोकायला लागली. त्यानंतर भावांमध्ये एक अक्षर नाही. मुलांची लग्नं झाली, म्हातारी माणसं गेली. दोघंही सगळीकडे हजर असायचे, मांडवाच्या दोन टोकांना, दोन खांबांसारखे.

आणि एके दिवशी तात्यांच्या मुलाचा, संग्रामदादाचा, मला फोन आला.

तात्यांच्या घशात गाठ होती. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलं होतं. जीव वाचेल असं डॉक्टरांचं म्हणणं होतं, पण स्वरपेटी काढावी लागणार होती. संग्रामदादानं ते फार सरळ सांगितलं. बुधवारपर्यंत आवाज आहे, म्हणाला, तोही आता घासलेला. त्यानंतर नाही.

"तात्या काय म्हणतात?" मी विचारलं.

"काही नाही म्हणत. वाया घालवत नाहीत बोलणं. आण्णांचा विषय काढला की फक्त म्हणतात, मी का आधी फोन करू?"

हे मी आईला सांगितलं. आईनं गिरणीत जाऊन आण्णांना सांगितलं. इंजिन चालू होतं, त्यामुळे तिला ओरडावं लागलं आणि गल्लीतल्या सगळ्यांना कळलं. आण्णा जोंधळ्याचा डबा ओतत होते. त्यांनी तो पूर्ण ओतला, मग विचारलं, कधी. मग म्हणाले, त्याचा आवाज जातोय तर त्यानं फोन करावा. त्यांनी केला तर घ्याल का, असं आईनं विचारलं. आण्णांनी पीठ चिमटीत धरून बघितलं. फोन त्यानं करायचा, पैसे त्याचे जाणार, आणि ऐकून घ्यायचं मी? पुन्हा मिंधाच की.

आई शिकलेली चौथी, पण वकिलीत गेली असती तर जिल्हा हलवला असता. ती घरात आली, माझ्या पिशवीतलं एक सिम काढलं आणि मला विचारलं, हे कसं चालतं ते नीट सांग. मी सांगितलं. तिनं एकच गोष्ट दोनदा विचारली: म्हणजे फोन खरोखर कंपनी करते? दोघांनाही? मी म्हणालो, हो.

ती पुन्हा गिरणीत गेली. या वेळी तिनं इंजिन बंद करायला लावलं.

"अवं, हा फोन तुमी करायचा न्हाई, त्येंनी बी करायचा न्हाई. कंपनी करतीया, दोघांस्नी. पैसं बी कंपनीचं. कुणी कुणाच्या पाया पडलं न्हाई, कुणी कुणाचा मिंधा न्हाई."

आण्णांना त्यात खोट सापडेना. सकाळभर शोधत होते. दुपारी जेवताना सापडली.

"कंपनीचा हुतो की मिंधा. त्येचं काय?"

 याचं उत्तर संध्याकाळी आण्णांनीच काढलं. कंपनी ज्यांच्या जिवावर फुकट बोलू देते, त्यांचा माल घ्यायचा. जी जाहिरात कानावर पडेल, ती वस्तू. म्हणजे फिटंफाट. मी त्यांना समजावून सांगितलं की असं कुणीही करत नाही, जाहिरात ही ऐकून सोडून द्यायची गोष्ट असते. आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी लग्नात जेवून आहेर न देता मागच्या दारानं पळालोय.

त्याच संध्याकाळी त्यांनी सिम घेतलं, माझा जुना फोन घेतला, आणि फोन करायला सुरुवात केली. तात्यांना तेवढा नाही. बाकी सगळ्यांना.

कराडच्या आत्याला फोन केला आणि पाऊसपाणी विचारलं. एसटी स्टँडला फोन करून कराडची गाडी कधी सुटते ते विचारलं. ती गाडी आमच्या गिरणीसमोरूनच जाते. पतपेढीच्या मॅनेजरला फोन करून विचारलं, की पतपेढी उघडी आहे का. प्रत्येक वेळी फोन तोंडासमोर आडवा धरून, इंजिनावरून बोलल्यासारखं ओरडून. गिरणीवाल्याचं अर्धं बोलणं हातवाऱ्यांचं असतं. चिमूट म्हणजे बारीक, मूठ म्हणजे जाड. आण्णा फोनवरही चिमूट दाखवायचे. आणि जाहिरात लागली की बोलणं थांबवून, मान खाली घालून, कीर्तनाला बसल्यासारखी ती शेवटपर्यंत ऐकायचे. मग एक दाबायचे.

"रोज काय चाललंय हे?" मी आईला विचारलं.

"तालीम चाललीया," ती म्हणाली. "तू गप बस."

माल पोचवायला सांगलीहून एक पोरगेला एजंट मोटारसायकलवर यायचा. कंपनीनं त्याला नेमल्यापासून ही त्याची पहिलीच ऑर्डर होती, त्यामुळे तो त्याच दिवशी आला, आणि मग रोज येत राहिला. टॉनिक देताना त्यानं आण्णांच्या पायाला हात लावला. मंगळवारी माझ्या सुपरवायझरचा फोन आला. पुण्याच्या ऑफिसात म्हणे विट्याची चर्चा होती. कुठल्याच गावात जाहिरात ऐकून कुणी एक दाबत नाही आणि विट्याहून सतत एक येतंय. वरचे साहेब खूश होते. तेला-मलमाची फुटकळ गिऱ्हाइकं सोडून त्यांनी आता विट्यासाठी मोठ्या पार्ट्या धरल्या होत्या. त्यानं मला विचारलं, मार्केट एवढं कसं काय उठवलंस? मी म्हणालो, घरोघरी जाऊन. ते खरं होतं, घर एकच होतं.

हा सगळा प्रकार मी संग्रामदादाला फोनवर सांगायचो. तो तात्यांना सांगायचा. ऑपरेशनच्या काळजीत घर होतं, तेवढीच करमणूक. तात्यांचा निरोप शेवटी मंगळवारी रात्री आला: फोन कंपनीनं केला तर घेईन.

बुधवारी दुपारी आण्णांनी इंजिन बंद केलं. दोन बायका दळण घेऊन आल्या होत्या, त्यांना आईनं पायरीवर बसवलं. आण्णांनी टोपी झटकून पुन्हा घातली, पिठाच्या पोत्यावर बसले आणि मला नंबर लावायला सांगितलं. एक रिंग. कापला. आम्ही वाट बघत राहिलो. मग फोन वाजला. आण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"कुणी केलाय?"

"कंपनीनं."

त्यांनी तो घेतला. कानावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून आवाज बाहेर यायचं बटण मी आधीच दाबून ठेवलं होतं. आधी बनियनची जाहिरात लागली. 'आतून रुबाब, बाहेरून रुबाब.' आण्णांनी शेवटपर्यंत ऐकून एक दाबला. मग एक टिक झाली आणि सेलम सुरू झालं.

सेलम म्हणजे एक मोटारसायकल गेल्याचा आवाज. लांब कुणीतरी तमिळमध्ये काहीतरी विकत होता. आणि जवळ, अगदी जवळ, एक श्वास. खालून वर येताना खरखरणारा.

आण्णा काही बोलले नाहीत. तिकडूनही काही नाही. आईनं हातानं खूण केली, बोला. आण्णांनी हातानं खूण केली, त्याला बोलू दे. पायरीवरच्या बायका माना वळवून एकदा आण्णांकडे, एकदा फोनकडे बघत होत्या. आत्याला पाऊसपाणी विचारणारा माणूस, स्टँडला एसटी विचारणारा माणूस, पोत्यावर बसून दोन्ही हातांनी फोन धरून गप्प. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो. कुणाची, ते आता आठवत नाही. एका भावानं वर्षानुवर्षं धरलेलं मौन मी दुसऱ्या भावाला लाऊडस्पीकरवर ऐकवत होतो, तेही फुकट.

दोन मिनिटं अशीच गेली. मग तुतारी वाजली.

"शेतकरी बंधूंनो! गिरणीमालकांनो! घरघर नाही, कुरकुर नाही! भीमराज मोटार! दणकट, भक्कम, पिढ्यान्‌पिढ्या! भीमराज मोटार! एकदा बसवा, विसरून जा!"

पुण्याच्या साहेबांनी धरलेली मोठी पार्टी ती हीच होती.

आण्णांचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता. केसाचं तेल वेगळं, मोटार वेगळी. भावाची मोटार ज्या माणसानं स्वतःच्या हातानं उखडून पाठवली, पुन्हा कधी बसवायची नाही म्हणून धूर खाल्ला, त्याला आता कायद्यानं मोटार घ्यावी लागणार होती. कायदा त्यांनीच केला होता. बाई म्हणाली, हवी असल्यास एक दाबा. आण्णांनी घाम पुसला. त्यांचा अंगठा एकवर गेला.

टिक झाली, सेलम परत आलं, आणि फोनमधून पत्र्यावर काथ्या घासावा तसा आवाज आला.

"जालंदर. एक दाबू नगंस."

अंगठा तिथंच थांबला. आईनं पदर तोंडाला लावला.

"का?" आण्णा म्हणाले. ओरडले नाहीत. तालीम केली होती तशी एकही गोष्ट केली नाही. अगदी हळू म्हणाले.

"तुझी मोटार हाय की हितं."

आण्णांनी फोन जरा लांब धरून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "लाइन नीट न्हाई. काय म्हणलास?"

लाइन चांगली होती. तमिळमध्ये काय विकतोय ते सोडून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"तुझी," तात्या म्हणाले. मध्ये श्वास घेतला. "तुझी मोटार. हितं हाय म्हणलं. नवी कशाला घेतूस?"

"बेअरिंग गेलं आसंल तिचं."

"कशानं जातंय? दर खंडेनवमीला काढतो, पुसतो, ग्रीस भरतो. हळदकुकू लावून पुजतो. एकदा फिरवून बी बघतो."

"हं."

"हितली माणसं येत्यात पाया पडाय. त्येंस्नी वाटतंय, आपल्याकडचा देव हाय. एका बाईनं नवस बोलला हुता. फेडून गेली."

आण्णांच्या घशातून काहीतरी आलं. मला आधी ठसका वाटला. पायरीवरच्या एका बाईला हसू फुटलं तेव्हा मला कळलं, की ते आधी आण्णांना फुटलं होतं.

मग शेळ्यांच्या टॉनिकची जाहिरात लागली. दोन्हीकडे ती मुकाट्यानं ऐकली गेली. संपल्यावर तात्यांनी विचारलं, शेळ्या किती आहेत. आण्णा म्हणाले, एकही नाही. तात्या म्हणाले, मग हे दुसऱ्यांदा दाबू नकोस, एका बाटलीत जेवढ्या नसलेल्या शेळ्या भागायच्या तेवढ्या भागतील.

मधल्या जाहिराती सोडल्या तर राहिलेला सगळा वेळ ते गिरणीबद्दल बोलले. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाके कोण घालतं. खालचा ओटा खचलाय का. मोटार बसवायची तर पाया किती खोल घ्यावा लागेल. मोटार इकडे कशी यायची, यावर काही चर्चाच झाली नाही; ती येणार हे बहुतेक माझ्या डोळ्यांदेखत ठरलं होतं आणि मला कळलं नव्हतं. ऑपरेशनचा विषय कुणी काढला नाही. जत्रेच्या पंगतीचाही नाही. माफी वगैरे शब्द आमच्या घरात कधी फार वापरात नव्हते, त्या दिवशीही कुणी काढले नाहीत. तात्यांचा आवाज मध्ये मध्ये पार बसायचा, मग नुसता वारा यायचा. तेव्हा आण्णा म्हणायचे, "ऱ्हाव दे, दम खा," आणि दोघं थांबायचे. ते थांबणं पहिल्या दोन मिनिटांसारखं नव्हतं.

शेवटाकडे आण्णांनी विचारलं, "उद्याच हाय न्हवं?"

"उद्याच."

"सकाळी?"

"सकाळी."

"हं."

"मोटारीला पट्टा नवा घाल," तात्या म्हणाले. "जुना आता सुकून गेला आसंल. तसाच चढवशील, आन्‌ मग..."

टिक.

"बोलकीवर बोलल्याबद्दल धन्यवाद," बाई म्हणाली. "आपला आवाज आमच्यासाठी मोलाचा आहे."

 आण्णा फोन हातात धरून बसले होते, अंगठा एकवर ठेवून. बाईनं या वेळी एक-दोन काही विचारलंच नव्हतं. मी माझा दुसरा फोन पुढे केला, म्हणालो, यावरून लावू का, पैसे भरलेले आहेत. आण्णांनी मान हलवली.

"झालं की बोलून. पट्टा नवा घालायचा."

मग उठले, पायरीवरच्या बायकांना विचारलं, बारीक का जाड, आणि इंजिन सुरू केलं. त्या दिवशी त्या दोघींना जे पीठ मिळालं, ते बारीकही नव्हतं आणि जाडही नव्हतं. दोघींनी तसंच नेलं.

ऑपरेशन नीट झालं. तात्या वाचले. गळ्याला पुढून एक भोक आहे, त्यावर पांढरा रुमाल असतो, आणि बोलणं सगळं खुणांनी. आण्णा सेलमला जाऊन भेटून आले. मला उत्सुकता होती, की एकजण न बोलणारा आणि एकजण गिरणीवाला, हे आठवडाभर करतात काय. संग्रामदादा म्हणाला, हातवारे चाललेले असतात, आम्हाला काही कळत नाही. बहुतेक सगळं बारीक आणि जाड यांच्यातच बसवतात.

मोटार ट्रान्सपोर्टनं आली, ज्या रस्त्यानं गेली होती त्याच रस्त्यानं. तिच्या अंगावर हळदीकुंकवाचा थर एवढा होता, की मूळ हिरवा रंग कुठे कुठेच दिसत होता. मी फडकं घेऊन पुढे गेलो तर आण्णांनी हातातून काढून घेतलं. अजूनही गिरणीत ती तशीच आहे, अर्धी हिरवी, अर्धी लाल-पिवळी. नवी गिऱ्हाइकं आधी तिला नमस्कार करतात आणि मग दळण ठेवतात.

बोलकी त्याच वर्षी बुडाली. सुपरवायझरनं नंतर मला सांगितलं, की हिशेब लावायला बसले तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं, अख्ख्या महाराष्ट्रात जाहिरात ऐकून माल घेणारा एकच नंबर होता. भीमराजवाल्यांनी तर त्या एका नंबरच्या भरवशावर पैसे भरले होते, आणि नेमकं तेच गिऱ्हाईक त्यांच्या वेळी एक दाबायचं थांबलं. मी पिवळा टी-शर्ट आईला दिला. ती त्यानं मोटार पुसते, हळदीकुंकू सोडून.

टॉनिक वाया जाऊ नये म्हणून आण्णांनी शेळी घेतली. ती फार वर्षं जगली. जाहिरातीत खोटं नव्हतं.

आता आण्णांकडे स्वतःचा फोन आहे, पैसे भरून घेतलेला. दर रविवारी ते सेलमला फोन लावतात. आधी कुणी लावायचा, हा प्रश्न आता निघत नाही. पलीकडे संग्रामदादा उचलतो आणि तात्यांच्या कानाला लावतो. आण्णा बोलत नाहीत. तात्यांना तर बोलताच येत नाही. फुकट होतं तेव्हा आण्णा गावभर बोलले, आता पूर्ण पैसे भरून गप्प बसतात. ते खटका ओढतात, मोटार सुरू करतात आणि फोन पट्ट्याजवळ धरून उभे राहतात. सेलममध्ये तात्या डोळे मिटून गिरणी ऐकतात.

मागच्या रविवारी मी गावी होतो. गिरणी चालू होती, आण्णा फोन धरून उभे होते. मध्येच फोनमधून ठकठक आली, लाकडावर बोट वाजवल्यासारखी. आण्णांनी लगेच मोटार बंद केली.

"काय झालं?" मी विचारलं.

"पट्टा सैल हाय म्हणतोय."

मी वाकून बघितलं, बोटानं दाबून बघितलं. पट्टा टणक होता. सकाळीच मी स्वतः ताणला होता.

"आण्णा, सैल नाहीये."

आण्णांनी फोन खांद्यात धरला आणि फळीवरचा पाना घेतला.

"तो म्हणतोय न्हवं," म्हणाले, आणि पट्टा अर्धा आटा कसला.